नासेर मिस्त्री आणि गिटारीचं लाकूड

कनेरगाव नाक्यावर, वाशिमकडे जाताना डाव्या हाताला नासेर मिस्त्रीचं सुतारकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, खाली भुसा आणि भुशात मिस्त्री. मी शाळेतून रिटायर झाल्यापासून सकाळचा चहा तिथंच घेतो. बायको म्हणते, अंथरूणही तिकडंच न्या.

मिस्त्रीला एकच मुलगी, शाहिस्ता. लहानपणी शाळा सुटली की ती रंधा हातात घ्यायची आणि मिस्त्री तो काढून घ्यायचा. पोरीच्या जातीनं लाकूड तासायचं नाही, असं त्याचं म्हणणं. मीही तेव्हा मान डोलावली होती, कबूल करतो. पुढं पोरगी पुण्याला शिकायला गेली आणि तिथंच इलेक्ट्रिक गिटारी बनवणाऱ्या कारखान्यात लागली. घरी जे करू दिलं नाही, तेच तिनं दहा तासांच्या वाटेवर जाऊन केलं. ईदला दोन दिवस यायची, एरवी फोन. “अब्बा, जेवलात? गोळी घेतली?” एवढं झालं की फोन तिच्या आईच्या, शरीफाभाभीच्या हातात. मायलेकी तासभर बोलायच्या आणि मिस्त्री शेजारी बसून ऐकायचा.

यंदा उन्हाळ्यात मात्र फोन आला तो खास बापासाठी. बापलेक बोलतात दखनीत, मी आपल्या मराठीत सांगतो. मालकानं तिला पहिल्यांदाच एक अख्खी गिटार स्वतःच्या हातानं करायला दिली होती.

“अब्बा, तिच्या अंगाचं लाकूड तुमी निवडा. दीड फूट लांब, पावणेदोन इंच जाड.”

मिस्त्रीनं काळपट, तेलकट जुनं सागवान निवडलं. उचलताना मलाही कमरेत कळ आली. आयुष्यभर त्यानं जड तेच चांगलं म्हणून लोकांना दारं दिली होती. पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं फळी गेली आणि दोन दिवसांनी फोन.

“अब्बा, हे गळ्यात अडकवून माणूस दोन तास उभं राहतंय. खांदा मोडंल. हलकं पाहिजे, पण ठोकलं की आवाज रेंगाळला पाहिजे.”

“विजेवर वाजणाऱ्या वाद्याला लाकूड कुठलं का असेना,” मी मध्येच बोललो. फोन स्पीकरवर होता, पोरीनं ते ऐकलं. तार थरथरते तेव्हा लाकूडही सोबत थरथरतं, यावर मोठे मोठे लोक भांडतात, मास्तर, असं म्हणून तिनं माझी शाळा घेतली. मग बापलेकीचं सुरू झालं. रेषा सरळ कशी ओळखायची, ओल कुठं लपते, फळी दोन बोटांत धरून कुठं ठोकायची. पाऊण तास! मिस्त्रीचा चहा थंड झाला, वर माशी पडली, त्याला पत्ता नाही.

पुढची फळी आंब्याची. तिच्यात गाठ निघाली. मग कडुनिंबाची, तिची रेषा पिळलेली. प्रत्येक फळीमागं एक लांब फोन. मला शंका यायला लागली. चाळीस वर्षं लाकडात काढलेल्या माणसाला गाठ दिसत नाही?

एक दिवस मी जरा लवकर गेलो, तर मिस्त्री माळ्यावरून उतरवलेली एक पिवळसर फळी पुसत होता. सहा वर्षांपूर्वी दगडोबाच्या शेताच्या बांधावरचं शिवणीचं झाड वाऱ्यानं पडलं, त्याची ही फळी, सावलीत वाळवलेली. त्यानं ती दोन बोटांत धरून ठोकली. आवाज निघाला आणि कितीतरी वेळ विरला नाही. माझ्यासारख्या गाण्यातल्या औरंगजेबालाही कळलं.

“मिस्त्री, हे काहून पाठवलं न्हाई?”

तो फळीवरून हात फिरवत राहिला. “हे पाठवलं की बोलणं संपलं, मास्तर. लेकरू आता कुठं माझ्याशी बोलून राहिलं.”

मला राग आला. म्हणजे पोरीला फसवतोस? असं तोंडावर आलं होतं, पण माझीही पोरं बाहेरगावी आहेत.

त्याच आठवड्यात शाहिस्ताचा फोन आला. आवाज उतरलेला. मालकानं पंधरा दिवसांची मुदत दिली होती. “ऱ्हाऊ द्या अब्बा, तुमाला तकलीफ झाली. इथल्या व्यापाऱ्याकडूनच घेते.”

मिस्त्री लगेच म्हणाला, “घेऊ नको. उद्या येतंय बराबर लाकूड.”

शिवणीची फळी गेली. पोचली तेव्हा शाहिस्तानं ती फोनजवळ धरून ठोकून दाखवली. ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होता. गिटार झाली, मालकाला आवडली, तिनं फोटो पाठवला. त्यानंतर तिला दम मारायला फुरसत नाही. आता सगळ्या गिटारी तीच करते, लाकूड कारखान्यात ट्रकनं येतं. बापाचा फोन पुन्हा दोन मिनिटांचा झाला.

परवा मी न राहवून म्हणालो, “थोडं वाईट लाकूड द्यायचं होतं मिस्त्री. आणखी दोन महिने बोलली असती.”

त्यानं पटाशी खाली ठेवली.

“ज्या घरची चौकट बराबर बसली, त्या घरी मिस्त्रीला परत कोण बोलवतं, मास्तर?”