जागेवर नसलेला तांडा

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. नोकरीत मी चोर पकडले, खुनाचे तपास केले, एक-दोनदा वरिष्ठांची शाबासकीही मिळवली. पण जुन्या गोष्टी सांगायला बसलो की आधी हीच पुढे येते, कारण हिच्यात चूक माझी होती. एका माणसाच्या गावाबद्दल मी सरकारी कागदावर लिहिले की असे गाव अस्तित्वात नाही. गाव होते. मी नदी ओलांडली नव्हती, एवढेच.

महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षे झाली होती. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. नाशिकचे प्रशिक्षण संपवून यवतमाळ जिल्ह्यात फौजदार म्हणून आलो आणि आर्णीच्या ठाण्यात रुजू झालो. ठाण्याचे दप्तर हेड मोहरर सांभाळत. वयाने मला वडिलांसारखे, आर्णीच्याच एका मुसलमान घराण्यातले. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. भिंतीला लागून दोन कपाटे होती. त्यांत जुन्या मध्यप्रांताच्या काळापासूनची गावांची दप्तरे कापडात बांधून ठेवलेली. अक्षर गिचमिड, भाषा अर्धी हिंदी, अर्धी मराठी. मी त्या कपाटांकडे कधी फिरकलो नाही. आपले राज्य नवे, आपली पद्धत नवी, असे मला वाटे.

एके दिवशी यवतमाळहून डी.एस.पी. कार्यालयाचे पाकीट आले. आर्णीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या एका मास्तरांनी पासपोर्टसाठी अर्ज केला होता. इथिओपियात, ज्याला आमच्याकडचे जुने लोक हबशांचा देश म्हणत, तिथल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवण्यासाठी त्यांची निवड झाली होती. करारपत्राची नक्कल सोबत होती. त्या कराराच्या आधारे नोकरीचा व्हिसा मिळणार होता. पण व्हिसाला पासपोर्ट लागे, आणि पासपोर्टला आमचा चारित्र्य पडताळणीचा अहवाल. तिथली शाळा आपल्याकडचा पावसाळा संपता संपता सुरू व्हायची. तोवर व्हिसा झाला नाही तर करार रद्द, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

मास्तर बंजारा समाजातले, तांड्यावरचे. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरणाऱ्या लोकांची ही मुले-नातवंडे. आता शेती करून स्थिर झालेली. त्या तांड्यातून मॅट्रिक झालेला हा पहिलाच. पुढे नागपूरला बी.ए. आणि शिक्षकीची बी.टी. केली, आणि आता समुद्र ओलांडून इंग्रजी शिकवायला निघाला होता.

पाकिटाच्या पाठोपाठ दोन दिवसांनी टपालाने निनावी अर्ज आला. त्यात एवढेच होते: सदर मास्तराने अर्जासोबतच्या शाळेच्या दाखल्यावर दिलेले मूळ गाव खोटे आहे, अशा नावाचा तांडा त्या जागी नाही, खात्री करावी. मुन्शीजींनी तो कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "शाई जांभळी आहे साहेब. पेपर तपासायची." म्हणजे लिहिणारा शाळेतलाच कोणीतरी, बहुधा निवड न झालेला. मी ते कानाआड केले. खबर मिळाली की आधी खबर तपासायची, असे आम्हाला शिकवले होते. मी खबर तपासली. खबर देणाऱ्याचा हेतू तपासला नाही.

मे महिना होता. एका शिपायाला घेऊन मी सायकलने निघालो. अरुणावतीच्या अलीकडच्या काठावर, दाखल्यात सांगितलेल्या जागी, खरोखरच काही नव्हते. एक चिंच, एक बुजत आलेली विहीर, काळे पडलेले चुलीचे दगड. जवळच्या गावचा नवा कोतवाल म्हणाला, "अठी तं तांडा नाही साहेब. मी तं नाही पाह्यला." नदीला घोट्याएवढे पाणी होते. पलीकडे पळसाच्या झाडीमागून धूर निघत होता, तोही मी पाहिला. ऊन मी म्हणत होते. मी सायकल वळवली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना ठाण्यात बोलावले. सकाळी बोलावले आणि चार वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवले. माणूस बसून थकला की खरे बोलतो, अशी माझी समजूत होती. पुढे अनुभवाने कळले, की थकलेला माणूस फक्त थकतो.

आत घेतले तेव्हा त्यांनी आधी नमस्कार केला. शर्ट धुतलेला, खिशाला फाउंटन पेन. मी म्हणालो, तुम्ही लिहिलेल्या जागी तांडा नाही. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, होता. मी शाळेत गेलो तेव्हा तिथेच होता. नंतर तांडा उठून पलीकडे गेला."

"गाव कधी चालतं का, मास्तर?" मी म्हणालो, आणि हसलो. दारातला शिपाईही हसला.

ते हसले नाहीत. म्हणाले, "चला, मी दाखवतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

इथे मला जे कबूल करायचे आहे ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. मी कॉलेजात इंग्रजीत बरा होतो आणि त्याचा मला ताठा होता. म्हणून पुढचे प्रश्न मी मुद्दाम इंग्रजीत विचारले. हा खरोखरच इंग्रजी शिकवतो की नाही ते बघू, असे मनाला सांगितले. खरे म्हणजे मला त्यांना अडखळताना बघायचे होते. ते अडखळले नाहीत. उलट माझ्या एका प्रश्नात चूक झाली, तेव्हा उत्तर देताना त्यांनी माझेच वाक्य नीट करून वापरले, चांगला शिक्षक वर्गात करतो तसे, पोराला लाज वाटू नये म्हणून. शिपायाला ते कळलेही नाही. मला कळले. आणि त्या संध्याकाळी मी अहवाल लिहिला: 'नमूद ठिकाणी या नावाचे गाव अथवा तांडा अस्तित्वात नाही. अर्जदाराच्या पूर्ववृत्ताबद्दल खात्री देता येत नाही.'

मुन्शीजींनी जावक नोंद केली, शिक्का मारला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "माणूस खोटा नाही वाटला साहेब." मी म्हणालो, वाटण्यावर अहवाल लिहीत नाहीत.

जून संपत आला असताना एका गावातून बैलजोडी चोरीस गेल्याची फिर्याद आली. पेरणीचे दिवस, म्हणून मी स्वतः निघालो. ओल्या मातीत खुरांचा माग स्वच्छ होता. माग काढणारा म्हातारा पुढे, मी मागे. माग त्या चिंचेजवळून गेला, विहिरीला वळसा घालून नदीत उतरला. म्हाताऱ्याने धोतर खोचले. मला पॅन्ट गुडघ्यावर घेणे भाग पडले.

पलीकडे पळसामागे चाळीसेक घरांचा तांडा होता. आवारे शेणाने सारवलेली, दारांवर कवड्या लावलेली तोरणे. नाईकाच्या अंगणात कडुनिंबाला आमची बैलजोडी बांधलेली होती आणि पुढ्यात कडब्याची पेंढी होती. नाईक, म्हणजे तांड्याचा मुख्य, साठीचा माणूस होता. त्याने राम राम करून खाट टाकली, पाणी दिले. बैल चरत चरत आपोआप आले होते. "कोनाचे हायेत म्हून वाट पाहून राह्यलो," तो म्हणाला. चोरीचा तपास तिथेच संपला.

मी पंचनामा लिहायला घेतला आणि तांड्याचे नाव विचारले. त्याने स्वतःचेच नाव सांगितले. मी म्हणालो, तुमचे नव्हे, तांड्याचे.

"तेच तं सांगून राह्यलो. जो नाईक, त्याचं नाव तांड्याले. आंधी माह्या काकाचं होतं. पलीकडं होतो तवा." त्याने नदीकडे हात केला. "चिंचेपाशी. पटकीची साथ आली, मानसं गेली, तं आमी उठून अठी आलो. काका वारला, मी नाईक झालो. मी मेलो की पोराच्या नावानं म्हनतील."

त्याच्या काकाचे नाव मी विचारले. मास्तरांच्या दाखल्यावरचे नाव तेच होते.

माझा चेहरा बदलला असावा, कारण नाईकाने मला निरखून पाहिले आणि विचारले, "आमच्या मास्तरले ठान्यात बसवलं ते फौजदार तुमीच काय? तांडाच नाही म्हने ते?"

मी हो म्हणालो.

"मंग आता बसले कुठी तुमी?"

घराच्या दारात बायका होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांच्या जागी मीही हसलो असतो. नाईक मात्र हसला नाही. म्हणाला, "पोरगं इंग्रजी शिकलं, तं आमाले वाटलं, आता कोनी पुसनार नाही तू कुठचा म्हून."

ठाण्यात परत आलो तो थेट कपाटापाशी. मुन्शीजींना म्हणालो, नदीकाठच्या गावांचे जुने दप्तर काढा. त्यांनी धूळ झटकली, कापड सोडले आणि पान काढून दिले. वीसेक वर्षांपूर्वीच्या कोण्या फौजदाराची नोंद होती: साथीमुळे तांडा उठून नदीपलीकडे वसला, नाईक मयत, पुतण्या नाईक. खाली सही. ज्या खुर्चीवर बसून मी अहवाल लिहिला, तिच्यापासून सहा हातांवर हे पान होते.

"मुन्शीजी, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं काहून नाही?" रागाच्या भरात माझ्या तोंडूनही वऱ्हाडी आली.

"तुमी पुसलं कधी साहेब?" ते म्हणाले. मग दप्तराचे कापड पुन्हा बांधत, "माहीबी चूकच झाली. सांगायले पाहिजे होतं."

स्वतःच्या अहवालाविरुद्ध दुसरा अहवाल पाठवणे ही खात्यात सोपी गोष्ट नव्हे. त्या रात्री मी नाईकाचे आणि दोन पंचांचे जबाब जमवता येतील का याचा विचार केला आणि सकाळी उठून ते जमवले. तहसिलीतून कोतवाल बुकातल्या जन्मनोंदीची नक्कल काढली, जुन्या नोंदीची प्रत केली आणि बसने यवतमाळला गेलो. डी.एस.पी. साहेबांनी दोन्ही अहवाल समोरासमोर ठेवले. म्हणाले, नदीला पाणी किती होते? मी म्हणालो, घोट्याएवढे. त्यांनी माझ्या सेवापुस्तकात ठपक्याचा शेरा लिहिला आणि दुसरा अहवाल त्याच दिवशी मुंबईला रवाना केला.

ऑगस्टात मास्तरांचा पासपोर्ट आला. वकिलातीकडून व्हिसाचा शिक्का करार रद्द व्हायला आठवडा उरला असताना पडला. एके दुपारी ते ठाण्यात आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. पासपोर्ट उघडून त्यांनी तो शिक्का मला दाखवला. अनोळखी लिपीतली अक्षरे, खाली इंग्रजीत 'शिक्षक'. आधी मला, मग मुन्शीजींना, मग दारातल्या शिपायाला त्यांनी पेढा दिला. म्हणाले, "साहेब, तुमचे आभार मानायला आलो."

तेव्हा खरे बोलायची वेळ होती. मी म्हणालो, वरून फेरचौकशी आली होती, म्हणून उशीर झाला. आणि पेढा खाल्ला. मुन्शीजी दप्तरात डोके घालून बसले होते. ते त्यांनी वर केले नाही.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. पुढे जिथे जिथे होतो तिथल्या नव्या पोरांना मी सांगत आलो, की अहवालात 'नाही' असे लिहू नका, 'मला आढळले नाही' असे लिहा, आणि मग कुठवर जाऊन शोधले तेही लिहा. तेवढे लिहायचे म्हटले की माणूस आपोआप नदी ओलांडतो. ही सवय पुष्कळांच्या उपयोगी पडली. पण पेढ्याचे काय, ते माझे मलाच ठाऊक होते.

सहा-सात वर्षांनी मी कळंबला असताना मुन्शीजींचे पोस्टकार्ड आले. ते निवृत्त झाले होते. तब्येत, नातवंडे, आणि शेवटी एक ओळ: मास्तर रजेवर तांड्यात आले आहेत.

मी एक दिवसाची रजा काढली. साध्या कपड्यांत बसने आर्णीला गेलो, पुढे पायी. या वेळी बूट हातात घेऊन नदी ओलांडली. नाईक म्हातारा झाला होता, पण तांडा अजून त्याच्याच नावाचा होता. मला ओळखून त्याने विचारले, "आता कोनाचे बैल गेले?"

मी म्हणालो, बैल नाहीत. तुमच्या नसाबपुढे बसायचे आहे. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. कडुनिंबाखाली बसून नाईक आणि जाणती माणसे तांड्यातल्यांचा न्याय करतात.

"पोलीसवाला आमच्यापुढं?" नाईक म्हणाला. "आजवर आमीच तुमच्या बाकड्यावर बसलो." पण त्याने दोघा-तिघा म्हाताऱ्यांना हाक मारली.

मास्तर घरातून आले. केस थोडे पांढरे, अंगावर तिकडची विणलेली पांढरी शाल. ते खुर्ची आणायला निघाले, मी त्यांना थांबवले आणि सगळ्यांसारखा खाली बसलो. त्यांनी तिकडचे सांगितले. डोंगरावरचे गाव, थंडी, शाळेत दूरवरून चालत येणारी मुले. "पहिला धडा गावावरचा देतो," ते म्हणाले. "माझं गाव चालतं, असं सांगतो. तिथे कोणी हसत नाही. गुरं घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत त्यांच्यात."

मी म्हणालो, "मास्तर, तो पहिला अहवाल मी लिहिला होता. वरून काही आलं नव्हतं."

"ठाऊक आहे. मुंबईला पासपोर्टच्या कचेरीत कारकुनानं दोन्ही वाचून दाखवले होते."

"मग पेढे?"

"ते दुसऱ्या अहवालाचे होते, साहेब."

माझ्याच्याने वर पाहवले नाही. नाईक खाकरला. म्हातारे मी काय म्हणतो याची वाट पाहत होते, आणि त्यांचे बरोबर होते. मी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "तुमचा तांडा होता. धूर दिसत होता, तरी मी आलो नाही. मास्तरांना दिवसभर बसवून ठेवलं, त्यांच्यावर हसलो, आणि नंतर खोटं बोलून त्यांचे आभार घेतले. माझं चुकलं. मला माफ करा."