दुष्काळाची बाई

मी एका मराठी बातम्यांच्या चॅनेलवरच्या साप्ताहिक कार्यक्रमासाठी रिसर्चर म्हणून काम करते. कार्यक्रम मुंबईत तयार होतो, मी सोलापुरात बसते. सात रस्त्याच्या बाजूला एका चादरीच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. एकीत कॅमेरामन आणि त्याच्या चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, दुसरीत मी. मुंबईहून विषय येतो. मी त्या विषयाची माणसं शोधते, ती सांगतात ते खरं आहे का ते पाहते, आणि चॅनेलच्या जुन्या चित्रीकरणातून हवे ते तुकडे काढून पाठवते. पडद्यावर मी दिसत नाही, नावही येत नाही. आई होटगीला असते. वडील रेल्वेत होते, त्यामुळे नोकरी म्हणजे निदान शिट्टी आणि झेंडा तरी हवा, अशी तिची समजूत आहे. शेजारणींना ती सांगते, "टीव्हीत आहे, पण आतल्या बाजूला."

जुनं चित्रीकरण कॉम्प्युटरवर साठवलेलं असतं. शब्द टाकला की त्या शब्दाचे तुकडे समोर येतात. 'पूर' टाकलं की पूर, 'कांदा' टाकलं की कांदा. 'दुष्काळ' टाकलं की सगळ्यात वर एक बाई यायची. आठ सेकंदांचा तुकडा. उन्हातला रस्ता, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, आणि डोक्यावर हंडा घेऊन चालत येणारी हिरव्या लुगड्यातली बाई. चेहरा स्पष्ट, नजर समोर. तुकडा चांगला होता, म्हणून बारा-तेरा वर्षं तो दर उन्हाळ्यात लागत होता. बातमी टँकरची असो नाहीतर मंत्र्यांच्या दौऱ्याची, बाई चालत यायची. मीही तो चार-पाच वेळा काढून पाठवला होता. तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

एका मार्चमध्ये आमच्या प्रोड्यूसरांचा मुंबईहून फोन आला. वीस-पंचवीस वर्षं बातम्यांत घालवलेला माणूस. आवाज कधी चढत नाही.

"ती हंडेवाली बाई आहे ना, तिला शोध," ते म्हणाले. "आज ती कुठे आहे, काय करते. उन्हाळ्याचा पहिला भाग तिच्यावर करू."

"नाव काय तिचं?"

"नाव कुणी लिहून घेतलेलं नाही."

"गाव?"

"सोलापूर जिल्हा, एवढंच आहे."

जिल्ह्यात गावं पुष्कळ आहेत. मी बरं म्हणाले.

ते आठ सेकंद मी दोन दिवस पाहत होते. थांबवून, एकेक चित्र सुटं करून. सहाव्या सेकंदाला रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता. त्यावर 'कुर्डु' एवढी अक्षरं दिसत होती, पुढची गवतात गेली होती. सातव्या सेकंदाला बाई कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येते, तेव्हा हंड्याच्या गळ्याशी काहीतरी पांढरं दिसलं. मोठं करून पाहिलं तर कागदी लेबल. मी कॅमेरामनला बोलावलं. तो शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला, घरी तेलुगू बोलणारा. कुठलीही वस्तू आधी माल म्हणून बघायची त्याची सवय आहे.

"हंडा नवा आहे," तो वाकून म्हणाला. "लेबलपण काढलं नाही."

"मग?"

"मग काही नाही. नवा आहे."

पाणी आणायला निघालेली बाई लेबलासकट हंडा कशाला नेईल, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. पडला नाही. लेबलावरून दुकान सापडेल, याचाच मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुर्डुवाडीला गेलो. स्टेशनजवळच्या पेठेतल्या दुसऱ्याच भांड्याच्या दुकानात म्हाताऱ्या मालकांनी माझा मोबाइल हातभर लांब धरून पाहिला.

"लेबल आमचंच हाय," ते म्हणाले. मग बाईकडे पाहिलं. "ही तर येती की आमच्याकडं. दिवाळीत कुकर नेला."

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचं गाव. "तितं जाऊन दुष्काळाची बाई म्हणून इचारा," ते म्हणाले. "कुणीबी घर दावील."

गावाकडचे शेवटचे काही किलोमीटर दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी होती. पाण्याच्या कडेला ओळीनं उपशाच्या मोटारी बसवलेल्या. कॅमेरामन बराच वेळ काचेतून बाहेर बघत होता. मग म्हणाला, "इथं दुष्काळ शूट करायचा म्हणजे अवघड आहे."

घर दुमजली होतं. अंगणात सून पाइप धरून मोटारसायकल धूत होती. बाई ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं थोडी भरलेली, पण चेहरा तोच. कॅमेऱ्याची बॅग बघूनच ती म्हणाली, "टीव्हीवाले का? लई वर्सं लावली. या. आदी पाणी घ्या."

सुनेनं दोन तांबे आणले. माझा एक पिऊन झाल्यावर बाईनं आणखी एक पुढे केला. "प्या की. हाय भरपूर."

मी वही उघडली आणि ठरवून आणलेला पहिला प्रश्न विचारला. "त्या दिवशी पाण्यासाठी तुम्हाला किती लांब जावं लागलं होतं?"

"पाण्यासाठी कशाला जाऊ? भनीच्या पोरीचं लगीन होतं. आहेराला हंडा घ्याया कुर्डुवाडीला गेल्ते. यष्टीतनं फाट्यावर उतरले आन चालत निगाले घराकडं. हंडा काखंत होता. एक गाडी थांबली. त्यातला बाबा म्हणला, मावशी, हंडा डोक्यावर घ्या की. म्या घेतला. म्हणला, आता मागं जावा आन परत या. असं तीनदा चालवलं. मला वाटलं, रस्त्याचं काय काम असंल."

"त्यांनी काही विचारलं नाही?"

"न्हाय. इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं ती सांगत होती. त्या वर्षी धरणाचं पाणी खूप मागे गेलं होतं हे खरं, पण त्यांच्या विहिरीला पाणी होतं. पहिल्यांदा ती टीव्हीवर आली तेव्हा घरात कौतुक झालं. नवऱ्यानं आळीतल्या लोकांना बोलावून दाखवलं, फक्त टीव्हीचा आवाज बंद ठेवला, कारण मागं रडकं संगीत होतं. पुढच्या उन्हाळ्यात ती परत दिसली. मग दर उन्हाळ्यात. पाहुणे फोन करून पाणी आहे का विचारायला लागले. एक मावसभाऊ तर गाडीत पाण्याचे कॅन घालून आला. आणि मग मुलाचं लग्न काढलं.

"दोन ठिकाणं मोडली," ती म्हणाली. "एका पोरीच्या बापानं मोबाइलवर मलाच मी दावली. म्हणला, सासूला हितं हंडा वाहाया लागतोय, माझ्या पोरीला काय सोडताय. तिसऱ्या पाव्हण्याला आमच्या ह्येंनी मोटरीवर नेलं. चालू करून दावली. त्यो म्हणला, लाईट गेल्यावर?"

सून पाइप बंद करून ऐकत होती. ती म्हणाली, "ते माझे वडील."

"मग?" मी विचारलं.

"मग त्यास्नी धरणाच्या कडंला नेऊन उभं केलं," बाई म्हणाली. "तितं लाईट लागत न्हाय."

आता गप्प राहणं मला बरं वाटेना. मी सांगितलं की तो तुकडा दर वर्षी कुणीतरी काढून पाठवतं, आणि गेली काही वर्षं त्या कुणीतरीत मीही आहे.

"तुमी?" तिनं मला नीट पाहून घेतलं. "का वं?"

"दुष्काळ शोधला की सगळ्यात आधी तुम्हीच येता," मी म्हणाले. खरं तेच होतं.

तिनं सुनेला चहा टाकायला सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाली, "आता एवढं हुडकत आलाय तर एक करा. त्ये दावायचं बंद करा. न्हायतर खाली लिवा, हंडा नवा हाय आन आत पाणी न्हाय."

चहा झाल्यावर ती चांगलं लुगडं नेसून आली, केळीच्या बागेपुढे खुर्चीवर बसली आणि "लई वर्सं लावली"पासून सगळं कॅमेऱ्यासमोर पुन्हा सांगितलं. एकदाही अडखळली नाही.

परतताना मी गाडीतून प्रोड्यूसरांना फोन केला.

"म्हणजे ती आता बरी आहे?" ते म्हणाले.

"हो."

"आणि तेव्हा?"

"तेव्हाही बरी होती."

"मग आपली गोष्ट काय?"

"आपण बारा वर्षं चुकीची बाई दाखवतोय, ही."

"त्या वर्षी दुष्काळ होता की नव्हता?"

"होता."

"मग शॉट खोटा कसा?"

मी म्हणाले, लिहून पाठवते. त्या वर्षी खरंच हजारो बायका हंडे घेऊन चालत होत्या. फक्त ही त्यांतली नव्हती. त्या सगळ्यांच्या नावानं हिचे पाव्हणे परत गेले.

मी सगळं लिहून पाठवलं. लग्न, आहेर, लेबल, मैलाचा दगड, सुनेचे वडील. चार पानं झाली. पंधरा दिवसांनी भाग लागला. सुरुवातीला तोच आठ सेकंदांचा तुकडा, या वेळी सावकाश केलेला, त्यामुळे बाई बारा सेकंद चालली. मग केळीची बाग, मग दुमजली घर, मग पाइप. निवेदिका म्हणाली की डोक्यावर हंडा वाहणाऱ्या या माउलीनं कष्टानं उजाड रानात केळी फुलवली. बाईचं बोलणं दोन वाक्यं ठेवलं होतं: "हाय भरपूर" आणि "लई वर्सं लावली." दुसरं वाक्य तिनं आम्हाला उशिरा आल्याबद्दल म्हटलं होतं. तिथे ते केळीबद्दल वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"बघितलं," ती म्हणाली. "मी गरीब व्हते आन आता श्रीमंत झाले व्हय?"

"मला माफ करा," मी म्हणाले.

"तुमी लिवलं न्हवतं का समदं?"

"लिहिलं होतं."

"मग त्येंनी वाचलं न्हाय?"

"वाचलं होतं."

"मग मला एवढं बोलाया लावलं कशाला?" असं म्हणून तिनं फोन ठेवला. ओरडली असती तर मला जरा हलकं वाटलं असतं. खाली दुकानात गिऱ्हाइकाला चादरी उलगडून दाखवत होते. त्या झटकल्याचा आवाज मी बराच वेळ ऐकत बसले.

मग कॉम्प्युटर सुरू केला. जुन्या चित्रीकरणाच्या लायब्ररीतल्या प्रत्येक तुकड्याखाली शोधायचे शब्द लिहिलेले असतात आणि ते बदलण्याचा अधिकार रिसर्चरला असतो. चुकलेली स्पेलिंगं दुरुस्त करण्यासाठी तो दिलेला आहे. मी त्या तुकड्याखालचे 'दुष्काळ', 'टंचाई', 'पाणी' हे शब्द काढले. तिचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलं. वर्णनाच्या जागी लिहिलं: बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी नवीन हंडा विकत घेऊन बाई घरी चालली आहे. हंडा रिकामा. चित्रीकरण करणाऱ्यानं तिला तीनदा चालायला लावलं. नवीन शब्द टाकले: 'हंडा', 'आहेर', 'खरेदी'. आणि जतन केलं. कुणाला विचारलं नाही.

वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये प्रोड्यूसरांचा फोन आला.

"तो शॉट मिळत नाहीये. दुष्काळमध्ये नाही."

"नाही."

"मग कशात आहे?"

"खरेदीत."

बटणं दाबल्याचा आवाज आला. ते वाचत होते. वर्णन फार मोठं नव्हतं, पण त्यांना वेळ लागला. तेवढ्यात मी नोकरी गेल्यावर होटगीला आईला काय सांगायचं, याची दोन-तीन वाक्यं मनात जुळवली.

"तू बदललंस?"

"हो."

"विचारायला हवं होतंस."

"हो."

"नवीन करून आण," ते म्हणाले. "आणि या वेळी नाव लिहून घे."

अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका गावात टँकर येत होता. खरंच येत होता, मी आदल्या दिवशी तलाठ्यालाही विचारलं आणि तीन घरांतही विचारलं. आम्ही पोचलो तेव्हा टँकर नुकताच येऊन उभा होता आणि बायकांनी हंडे-घागरी ओळीनं मांडल्या होत्या. मी एका बाईला नाव विचारलं, घरात माणसं किती ते विचारलं, दिवसाला किती हंडे लागतात ते विचारलं. अर्धी उत्तरं मराठीत आली, अर्धी कानडीत. कानडीतली शेजारणीनं समजावली. मग मी विचारलं, तुमचं चालताना चित्रीकरण केलं तर चालेल का, ते टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवतील. लग्नाचं कुणी घरात आहे का, तेही विचारलं. तिला हा प्रश्न विचित्र वाटला असावा.

"दाखवा की," ती म्हणाली. "पण मी तिकडं गेले तर हितली माझी पाळी?"

कॅमेरामननं माझ्याकडे पाहिलं. मी वही पिशवीत टाकली आणि तिच्या हंड्यापाशी जाऊन उभी राहिले. ती पहिल्या पाळीत भरलेली घागर डोक्यावर घेऊन त्याच्यासोबत वाटेला लागली. रांग हळूहळू पुढे सरकत होती. मागची बाई मला म्हणाली, हंडा जरा तिरका धरा, म्हणजे सांडत नाही. माझी पाळी आली तेव्हा ते दोघं अजून वाटेवरच होते. मी हंडा तिरका करून नळीखाली धरला.