सरकार नव्हतं आलं, मी आले होते

ताईच्या शोकसभेत माईक माझ्या हातात आला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही हं!" मी धंद्यानं केटरर. माईक मिळाला की मला एवढं एकच वाक्य येतं. मागच्या रांगेत तिच्या ऑफिसातली एक बाई फिस्सकन हसली आणि मग सगळेच... ताई असती तर सगळ्यात मोठ्यानं हसली असती. मला बोलायचं होतं ते मात्र राहूनच गेलं. गेल्या महिन्यात, अंबरनाथ पूर्वेच्या तिच्या घरी, सकाळचा चहा ठेवता ठेवता ती गेली. हृदयविकार. सभेत बोलता आलं नाही ते इथे लिहितोय.

माझी ही थोरली बहीण पालिकेत कारकून होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला पथकावर घेतलं. नियम मोडणारी दुकानं, हॉल बंद करायचे, हे काम. त्याच दिवसांत मला कितीतरी महिन्यांनी एक लग्न मिळालं होतं. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका कापडवाल्या शेठजींच्या मुलीचं, बदलापूरला मांजर्लीच्या हॉलवर. परवानगी मूठभर माणसांची आणि शेठजींनी बोलावलेली अख्खी बिरादरी. मला दिसत होतं की... पण रिकामी पातेली बघून बघून माझीही नजर अधू झाली होती. पहिली ताटं भरली जात होती तेवढ्यात दारात पथक, आणि पथकाच्या पुढे ताई. शेठजींचा जीव भांड्यात पडला. "अरे, ये तो आपकी बहन है ना? बात करो ना, भाई!" मी बात केली. "ताई, तासाभराचा तर प्रश्न आहे गं." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माणसं बाहेर काढ. जेवण ने. भांडी आतच राहू दे." आणि माझ्यादेखत हॉलला सील ठोकलं. पातेली, शेगड्या, पराती, सगळं आत. ते सुटेपर्यंत हंगाम गेला, गिऱ्हाईक गेलं. बारवीकडच्या पाड्यावरून येऊन माझ्याकडे भाकऱ्या थापणाऱ्या हौसाबाई वीटभट्टीवर गेल्या.

तेव्हा घरोघरी चालायचा तो वाद आमच्या फॅमिली ग्रुपवरही पेटलेला. अर्ध्यांच्या मते सरकारनं माणसं वाचवली, अर्ध्यांच्या मते माणसं वाचवायच्या नावाखाली पोटं मारली. मी अर्थातच दुसऱ्या पार्टीत, उठल्यापासून झोपेपर्यंत फॉरवर्ड करणारा. एकदा लिहिलं, 'या सरकारनं मला रस्त्यावर आणलं.' ताईचं उत्तर आलं, 'सरकार नव्हतं आलं. मी आले होते. भाऊबीजेला येते, समोर बोल.'

खरं तर भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जायचं. मी जाणार नव्हतो, हे तिला ठाऊक असावं. भावोजींना घेऊन, ओवाळणीचं ताट घेऊन तीच आली. ओवाळलं, निरांजन बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "हं, आता बोल." आधी चाचरलो, मग असा सुटलो की बायको स्वयंपाकघरातून येऊन बघून गेली. हौसाबाईंचं काढलं, शेगड्यांना चढलेल्या गंजाचं काढलं. ताई ऐकत होती. 'वरून ऑर्डर होती' म्हणाली नाही. 'पण' म्हणाली नाही. शेवटी विचारलं, "झालं?"

"झालं."

"मग लाडू दे."

पुढच्या वर्षी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. आल्या आल्या हौसाबाई परतल्या का, हे विचारायची. नाही म्हटलं की नुसती मान हलवायची. धंदा हळूहळू सावरला, माझा राग पातळ होत चालला. उरलेल्या रश्श्यात पाणी घालून पुरवावा तसा मी तो पुरवायचो. तर म्हणायची, "यंदा एवढंच? गेल्या वर्षी तर माझे पूर्वज काढले होतेस. तुझेही तेच आहेत, हे विसरून!" एकदा भावोजींना राहवलं नाही. "अरे, हिनं त्या दिवशी किती जीव वाचवले असतील, ते बघ की!" ताई त्यांच्याकडे वळली. "एकाचं नाव सांगा." मग तीच पुढे म्हणाली, "वाचलेल्याला आपण वाचलो हे कळतसुद्धा नाही. कदाचित कुणी वाचलंही नसेल. बुडालेला मात्र हा समोर बसलाय, लाडू खातोय."

माझा हात लाडवासकट तसाच राहिला. आमच्याकडे भाजी खारट झाली तर मी मिठाला दोष देतो. आणि ही बाई दरवर्षी आपल्या पायांनी येऊन आपण केलेल्या गोष्टीसमोर मांडी घालून बसत होती. बरोबर केलं म्हणत नव्हती, चुकलं म्हणत नव्हती. मी विचारलं, "पुन्हा तशी वेळ आली तर?"

"बंद करीन," ती म्हणाली. "आणि भाऊबीजेला येईन."

असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. माझीच बहीण, एका ताटात जेवलेली, पण त्या दिवशी तिच्याकडे मान वर करून बघावं लागलं.

शोकसभेहून घरी आलो, चपला काढता काढता बायकोला म्हटलं, "एकदा तरी तिला सांगायला हवं होतं गं... ताई, तू बरोबर केलंस म्हणून."

"वाटतं का तुम्हाला तसं?"

हौसाबाई अजून आलेल्या नाहीत. "नक्की नाही सांगता येत," मी म्हटलं.

"मग बरं झालं नाही सांगितलंत," ती म्हणाली. "खोटं ऐकायला का येत होत्या त्या आपल्याकडे?"