उठायला अवघड खुर्ची

काल वासणा रोडवरच्या फर्निचरच्या दुकानात ताज्या पॉलिशचा वास आला. दुकानदारानं वेताची, लांब हातांची आरामखुर्ची पुढे ओढली. "बेसो ने, बेन. उठवानुं मन ज नहीं थाय." एकदा बसलं की उठावंसंच वाटणार नाही, म्हणे.

असलीच खुर्ची आमच्या प्रतापनगरच्या घरी होती, बाबांची. डिझाइनच्या वर्गात मी खुर्च्यांचा इतिहास शिकवते, तेव्हा तिचं कौतुकही करते. कललेली पाठ, खोल बैठक, वर पाय टाकून पसरायला लांब हात.

मी लहान असताना एका उन्हाळ्यात पापड लाटून आईची पाठ धरली आणि ती पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसली. पाय जमिनीला पोचेनात, तशी स्वतःशीच हसली. "बरी आहे गं," म्हणाली.

तेवढ्यात बाबा लवकर घरी आले. आई धडपडली. पण त्या खुर्चीतून झटकन उठताच येत नाही. पदर वेतात अडकला, ती पुन्हा मागे कलंडली. बाबा पिशवी घेऊन दारात उभे. रागावले नाहीत, पण हातही पुढे केला नाही. खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत राहिले.

बनवणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. ज्याला कुणाच्या हाकेसरशी उठावं लागत नाही, त्याच्याच मापाची होती ती.

आई कशीबशी उठली. तिच्या उबेवरच बाबा बसले, पाय पसरले आणि म्हणाले, "पाणी आण."