पातेल्यातला चंद्र

"चंद्र आल्याशिवाय दूध मिळणार नाही. घाई असेल तर खाली डेअरी उघडी आहे."

गच्चीवर काका कुणाला तरी सुनावत होते आणि मी आईच्या मागे उभी राहून ऐकत होते. तेव्हा मी चौथीत असेन. काका पोस्टातून निवृत्त झालेले. सोसायटीच्या गच्चीची किल्ली त्यांच्याकडे, म्हणून सगळे त्यांना गच्चीकाका म्हणत. कोजागरीचं मसाला दूध त्यांच्याच हातचं. आटलेलं दूध उतरवून उघड्यावर ठेवायचं, त्यात चंद्राचं प्रतिबिंब दिसलं की मगच पहिला पेला. टाकी आड आली तर चौघांनी पातेलं उचलून सरकवायचं. एकदा ढग हटेनात. कुणीतरी म्हणालं, "काका, चंद्र आहे असं समजू."

"आणि दूध प्यालो असंही समजा," काका म्हणाले. साडेबारापर्यंत सगळे बसून राहिले.

त्या रात्री लक्ष्मी 'को जागर्ति' विचारत फिरते, कोण जागं आहे ते बघते. काका म्हणत, "नुसते डोळे उघडे असणं म्हणजे जागं असणं नव्हे. लक्ष कुठे होतं ते सांगा." मग पेला देताना प्रत्येकाला तेच विचारत. सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "पार्किंगकडे." काका म्हणाले, "मग दूध गाडीलाच पाजू." पोळ्या करायला येणाऱ्या शांताबाई म्हणाल्या, "लेकीच्या बारावीकडं." त्यांचा पेला काठोकाठ भरला.

माझी पाळी आली की मी आईच्या मागे सरकायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची. चारचौघांत मराठी बोलले आणि चुकले तर, ही धास्ती. काका पेला हातात देत आणि म्हणत, "हिचं उत्तर पुढच्या वर्षी." कॉलेज झालं, हिंजवडीत नोकरी लागली, तरी उत्तर पुढच्याच वर्षी.

अलीकडे काका पातेल्यात स्वतः वाकून बघेनासे झाले. मुलांना बोलावून विचारत, "आला का रे? कुठे आहे, नीट सांगा." सगळ्यांना वाटे, परीक्षा घेताहेत. दूध ओतताना ते पेल्याचा काठ बोटानं चाचपत, हे मी दोन वर्षं पाहत होते. कुणाला बोलले नाही. त्यांनाही ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

गेल्या कोजागरीनंतर ते कायमचे मुलीकडे नागपूरला जाणार होते. त्या रात्रीचं दूध ही त्यांची शेवटची खेप. मुलं पलीकडे हौजीत रमलेली.

"आला का रे?" काकांनी विचारलं. कुणी वळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा हळू. ओगराळं हातात तसंच.

"काका, तुम्हीच बघा की," अध्यक्ष म्हणाले. "दूध गार होतंय."

काका हसले आणि पातेल्याच्या भलत्याच कडेकडे बघत राहिले. आता आणखी कुणीतरी लक्ष देऊन बघितलं असतं तर कळलं असतं. मी आईच्या मागून निघाले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"आला, काका," मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले. "तुमच्या डाव्या हाताला, सायीच्या अगदी कडेला. ओगराळं जपून बुडवा, नाहीतर मोडेल तो."