तिसरा पीळ

प्रशिक्षण केंद्रात त्यांना घड्याळवाले उस्ताद म्हणत. गळ्यात काळ्या दोरीला स्टॉपवॉच, आणि तोंडी कायम एकच प्रश्न, किती सेकंद? रायफल खोलून जोडायला किती, तारेखालून सरपटत जायला किती, हातगोळा फेकून आडोशाला जायला किती. एकदा घरी भाजी चिरणाऱ्या बायकोवरही त्यांनी घड्याळ लावलं होतं. तिने सुरी खाली ठेवून नुसतं बघितलं, तेव्हापासून ते घड्याळ उंबऱ्याबाहेर काढून ठेवत.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. अठरा वर्षांत त्यांनी एकाही पोरावर हात उगारला नाही. ज्याला डावं-उजवं कळत नाही अशा पोराचा सहा महिन्यांत शिपाई करायचा आणि परीक्षेत आपली तुकडी पहिली आणायची, या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

परीक्षेत एक भाग पट्ट्याचा असे. मांडीला गोळी लागली तर रक्त थांबवायचा पट्टा जखमेच्या वरच्या बाजूला गुंडाळायचा, त्यातली बोटाएवढी दांडी पीळ देत फिरवायची, खाचेत अडकवायची आणि दोन्ही हात वर करून "झालं" म्हणून ओरडायचं. मुदत चाळीस सेकंद. पुस्तकात त्याखाली आणखी एक ओळ होती. पावलावर बोट ठेवून नाडी थांबली का ते बघावं. पण नाडी थांबेपर्यंत पट्टा आवळला की खाली पडलेला जोडीदार कळवळायचा, मांडीवर वळ उठायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या दौडीत निम्मी तुकडी लंगडायची. दौडीला गुण सगळ्यांत जास्त. म्हणून पंधरा वर्षांपूर्वी उस्तादांनी तोडगा काढला. दोन पीळ द्या, दांडी अडकवा, हात वर करा. तिसरा दिला असं समजा. तपासणीला येणारे साहेबही घड्याळच बघत. सरावात घामेजलेल्या पोराच्या पावलाला बोट लावायला कोण वाकतो? पोरं बावीस सेकंदांत हात वर करू लागली. एकाने एकोणीस सेकंदांत केले आणि तो विक्रम वर्गाच्या भिंतीवर लागला. तो पोरगा म्हणजे उस्तादांचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला भरती व्हायला लावलं उस्तादांनीच, शिकवलंही त्यांनीच.

सहा वर्षांनी तोच मेहुणा न कळवता सरहद्दीवरून रजेवर आला. पहिले दोन दिवस झोपून होता. तिसऱ्या दिवशी ताटावर बसला तो घास चिवडत राहिला. बहिणीने खोदून खोदून विचारल्यावर एवढंच निघालं की त्याचा जोडीदार गेला. एका खंदकात सहा वर्षं काढलेला जोडीदार. तिने नवऱ्याला बाजूला घेतलं. माझ्याशी तो बोलत नाही, तुमचं ऐकेल, तुम्हीच काय ते बघा, असं म्हणाली.

उस्ताद मागच्या दाराच्या पायरीवर त्याच्याजवळ जाऊन बसले. मनात सांत्वनाची चार वाक्यं जुळवली होती. मेहुण्याने मात्र रडगाणं गायलं नाही, अहवाल द्यावा तसं सगळं क्रमाने सांगितलं. भर दुपारी नाल्याच्या कडेला जोडीदाराच्या मांडीत गोळी घुसली. याने लगेच पट्टा काढला, गुंडाळला, पिळला, अडकवला.

"वीस सेकंदही लागले नसतील, दाजी. समोरून गोळ्या येत होत्या आणि मी मूर्खासारखे दोन्ही हात वर करून झालं म्हणून ओरडलो."

मग पट्टा बांधलाय म्हणून तो निर्धास्तपणे पुन्हा रायफलीकडे वळला. जोडीदार आधी एकदोनदा काहीतरी बोलला, मग गप्प झाला. थोड्या वेळाने याने मागे बघितलं तर त्याच्याखालची वाळू काळी पडली होती.

"तुम्ही शिकवलं तसंच केलं सगळं. माझं चुकलं कुठे?"

कुठे चुकलं ते उस्तादांना त्याच क्षणी कळलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. जखम खोल असेल, अशा वेळी डॉक्टरही हात टेकतात, वगैरे वगैरे. मेहुण्याने मान हलवली. पटलेलं नव्हतं, ते दिसतच होतं.

पुढचे तीन दिवस उस्तादांना मैदान खायला उठलं. नव्या तुकडीची परीक्षा आठवड्यावर आली होती. जोड्या पट्ट्याचा सराव करत होत्या आणि दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी हात वर करून "झालं" ओरडत होतं. घड्याळाचं बटण दाबायचं त्यांच्या लक्षातच राहत नव्हतं. मेहुण्याला खरं सांगितलं म्हणून गेलेला माणूस परत येणार आहे का, असं ते स्वतःला समजावत. उलट हा पोरगा आणखी खचेल. खरं सांगायचं तर त्यांना पोरापेक्षा स्वतःचीच काळजी जास्त होती. अठरा वर्षांची इभ्रत होती, भिंतीवरचा विक्रम होता, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बायकोची नजर होती. म्हणून ते मूग गिळून बसले.

रविवारी जेवताना मेहुणा बहिणीला म्हणाला की आता तो रायफल धरणार नाही, मुदपाकखान्यात बदली मागणार. माझ्या हातांतच काहीतरी खोट आहे, ताई, असं म्हणून तो ताटापुढे स्वतःचे पंजे उलटेपालटे करून बघत राहिला. तेव्हा मात्र उस्तादांना बसवेना. ते उठले, आतून सरावाचा पट्टा घेऊन आले आणि खोलीच्या मधोमध फरशीवर आडवे झाले.

"बांध," ते म्हणाले.

मेहुणा गोंधळला, पण हात सवयीने चालले. गुंडाळणं, दोन पीळ, दांडी खाचेत. त्याचे हात आपसूक वर जायला लागले, तसे उस्तादांनी त्याचं एक बोट धरून आपल्या अनवाणी पावलावर टेकवलं.

"काय लागतंय?"

"नाडी." मेहुणा थांबला. "चालू आहे."

"आता तिसरा पीळ दे."

दांडी अडकली होती, ती सोडवून त्याने फिरवली. उस्तादांनी दात आवळले. आणखी अर्धा पीळ दिल्यावर त्यांच्या कपाळावर घाम फुटला, आणि बोटाखालचे ठोके थांबले. मेहुण्याने बोट तसंच ठेवलं. स्वयंपाकघराच्या दारात बहीण हातातलं भांडं घेऊन उभी होती.

"हे तुम्हाला माहीत होतं, उस्ताद?"

घरात मेहुण्याने त्यांना या नावाने कधीच हाक मारली नव्हती.

"होतं. तुझ्या हातांत खोट नाही. खोट मी शिकवली. परीक्षेत पहिलं येण्यासाठी शिकवली."

तो ओरडेल, पट्टा तोंडावर फेकेल, असं उस्तादांना वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने सावकाश दांडी सोडली आणि पट्ट्याची नीट घडी घातली. मग आमच्या पलटणीत तुमच्या हाताखालून गेलेले किती, असं विचारलं. उस्तादांनी आडव्या आडव्याच मोजले. एकतीस.

"एकतीस जण दोनच पीळ देतात," असं म्हणून मेहुणा उठला आणि ट्रंक भरायला लागला.

रजेचे आठ दिवस शिल्लक होते. सकाळच्या गाडीने जा, असं बहिणीने सांगून पाहिलं. तो संध्याकाळच्याच गाडीने निघाला. मी तुझ्या साहेबांना पत्र लिहितो, असं उस्ताद दारात म्हणाले.

"लिहा," तो म्हणाला. "पत्राच्या आधी मी पोचेन."

त्यानंतर बायकोने उस्तादांचं ताट वाढून ठेवलं आणि ती आत निघून गेली.

सोमवारी उस्ताद लंगडतच मैदानावर आले. मांडीवर वळ उठला होता. तुकडी जोड्यांनी बसली होती. पहिल्याच पोराने दोन पीळ देऊन दांडी अडकवली आणि दोन्ही हात वर करून त्यांच्या गळ्यातल्या घड्याळाकडे आशेने बघितलं. उस्तादांनी घड्याळ काढून खिशात घातलं, दुखऱ्या पायाने कसेबसे खाली बसले आणि आडव्या पडलेल्या पोराच्या पावलावर बोट ठेवलं. बोटाखाली नाडी ठणठणीत चालली होती.

"हात खाली घे," ते वर बघून म्हणाले. "रक्त अजून वाहतंय."