लटारू मास्तरचा ताल

लटारू गुरनुले तबल्यावर बसला की शाळेतली पोरं श्वाससुद्धा जपून घेत. नागभीडकडच्या एका शाळेत तो संगीत आणि नाटक शिकवायचा. त्याआधी वीस वर्षं त्याने पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तबला वाजवला होता आणि तिथली एक खोड सोबत आणली होती. गाताना नटाचा ताल चुकला की हा भर प्रयोगात तबल्यावर पंजा ठेवायचा. गाणं बंद. हजार माणसांसमोर नटाला पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागे. कंपनीवाले वैतागत, नट शिव्या देत, आणि याला वाटे आपण कलेची सेवा करतो. "सूर चुकला तं देव माफ करते," तो म्हणे, "ताल चुकला तं मी करत नाई." देवाच्या वरची खुर्ची त्याने स्वतःच स्वतःला दिली होती.

मग कोरोना आला आणि शाळा मोबाइलमध्ये गेली. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा बंद, मंडईतलं शाळेचं नाटकही बंद. त्याऐवजी जिल्ह्याची स्पर्धा निघाली, नाटकाचं चित्रीकरण करून पाठवायचं. नायिकेची तीन गाणी मंजुषाकडे होती. दहावीतली पोरगी, दसरू गेडामची. सातवीपासून ती या भूमिकेची वाट बघत होती आणि पुढच्या वर्षी ती शाळेत नसणार होती. गावाबाहेरच्या तिच्या टोलीवर, चार घरांच्या वस्तीत, रेंज यायची फक्त बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या पाळीवर. वाघ फिरत असला की दसरू काठी घेऊन शेजारी उभा राही आणि पोरगी मोबाइल वर धरून गाई.

लटारू इकडे घरी ठेका वाजवायचा, पोरं तिकडून गायची. मंजुषा दर ओळीला मागे. त्याचा पंजा तबल्यावर. "मंजुषा, पुन्हा." पुन्हा मागे. "झोपली का वं?" बाकीची पोरं फिदीफिदी हसत. पंधरा दिवस रोज हाच पाणउतारा.

"सर, मी तुमच्या ठेक्यावरच म्हणून राह्यली," ती एकदा म्हणाली. "तुमचा ठेकाच मले उशिरा आयकू येत असन."

लटारूची तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा ठेका उशिरा! "नाचता येईना अन् अंगण वाकडं," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला आणि तिथल्या तिथे तिला नाटकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपातून काढून टाकलं. बाहेर काढल्याची ओळ बेचाळीस जणांच्या मोबाइलवर उमटली. तिची गाणी शाळेशेजारी राहणाऱ्या चंचलला मिळाली. चंचलच्या घरी वायफाय होतं, तिचा आवाज वेळेवर येई. गळा मात्र यथातथाच होता, आणि लटारूला ते कळत होतं. पण दिलेला शब्द मागे घेईल तो लटारू कसला?

स्पर्धेला चार दिवस उरले असताना संगीत शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण आलं. शिकवणारा अतुल नावाचा नागपूरचा पोरगा, लटारूच्या निम्म्या वयाचा. तो पेटीवर लेहरा, म्हणजे तालाची फिरती धून धरी, शिक्षकांनी एकेकाने ठेका द्यायचा. लटारूची पाळी आली. तो मिशीतल्या मिशीत हसत तबल्यावर बसला. चार आवर्तनं झाली असतील.

"गुरनुले सर, तुम्ही मागे पडताय."

"मी तुमच्या पेटीवरच वाजवून राह्यलो."

"सगळे ऐकतायत ना सर. घरी थोडा सराव करा." आणि त्याने लटारूचा आवाज बंद केला.

साठ शिक्षकांचे चेहरे त्याच्याकडे बघत होते. आपल्या तोंडून नुकतं काय निघालं हे लटारूला तेव्हा कळलं. पोरीने हेच तर सांगितलं होतं. तिला ठेका उशिरा पोचे, ती त्यावर बरोबर गाई, आणि तिचं गाणं परत येईपर्यंत आणखी उशीर होई. पोरगी तालात होती. त्याला जेवण गेलं नाही. लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला, तोही त्या पोरीचाच.

सकाळीच त्याने गाडी काढली. टोलीवर धान कापून झालं होतं. शेताच्या बांधीत मंजुषा आणि दसरू भारे बांधत होते. दसरूने रामराम केला, पण बसा म्हटलं नाही.

"नेटवर्कची गडबड होती," लटारू म्हणाला. "तुहा आवाज उशिरा येत होता. चल, गाणे तुलेच देतो. आजच रेकार्ड करू. चंचलले मी सांगतो."

मंजुषाने भाऱ्याची गाठ आवळली. "मले ग्रुपातून नेटवर्कनं नाई काहाडलं, सर. तुमी काहाडलं."

"मंग आता घेऊन राह्यलो ना."

"सगळ्याईच्या देखत काहाडलं. सगळ्याईलेच सांगा का मंजुषा तालात होती म्हणून. मंग येतो मी."

"मास्तरले अट घालतं?"

"हो," ती म्हणाली. गाणी हातची जातील हे तिला ठाऊक होतं. तरी तिने मान खाली घातली नाही. दसरूनेही पोरीला गप्प केलं नाही.

लटारू तरातरा बोडीच्या पाळीवर चढला. मोबाइलला रेंज आली. त्याने ग्रुप उघडला आणि एका बोटाने टाइप केलं : मंजुषा तालात होती. चूक माझी झाली. मग ते वाचलं. हेडमास्तर वाचतील. चंचलचा बाप वाचेल. वीस वर्षं ज्यांची गाणी भर प्रयोगात थांबवली त्यांच्यापर्यंतही आज ना उद्या जाईल. त्याचा अंगठा पाठवायच्या बटणावर तसाच राहिला.

खाली बांधीत मंजुषा हातातलं काम सोडून, डोळ्यांवर आडवा हात धरून त्याच्याकडे बघत होती.

त्याने एकेक अक्षर पुसलं. मग लिहिलं : आज तालीम पाच वाजता, चंचलने वेळेवर हजर राहावे. पाठवलं, मोबाइल खिशात टाकला आणि दुसऱ्या बाजूने पाळ उतरून गाडीकडे गेला. ती ग्रुपात नव्हतीच. त्याने काय लिहिलं ते तिला कळायला संध्याकाळ झाली.